फोन आणि कॉम्प्युटरचं कॅलेंडर जुळत नाही? आधी नोंद कुठे राहते ते शोधा

सकाळी फोनमध्ये टाकलेली अपॉइंटमेंट दुपारी कॉम्प्युटरवर दिसत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बदललेली वेळ फोनमध्ये जुनीच राहते. कधी एकच मीटिंग दोनदा दिसते, कधी ती बरोबर साडेपाच तासांनी सरकलेली असते. कॅलेंडर सिंकच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात आणि त्यावर उपायही सगळीकडे एकच सांगितला जातो: सिंक बंद करा, परत चालू करा, फोन रीस्टार्ट करा. त्याने दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. बटण दाबून मूळ कारण जात नाही, म्हणून हा त्रास परत परत येतो. तो कायमचा घालवायचा तर थोडं मुळाशी जावं लागेल.

फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलतात, ही समजूत आधी काढून टाका. केबलने फोन जोडायचा आणि कॅलेंडर उतरवून घ्यायचं, ते दिवस गेले. आता दोघंही तिसऱ्याच ठिकाणाशी बोलतात: गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलच्या सर्व्हरवर असलेल्या तुमच्या खात्याशी. बँकेत खातं एक आणि पासबुकं दोन, असं समजा. व्यवहार खात्यात झाला असेल तर दोन्ही पासबुकांत उमटेल. पण कुणी पेनाने नुसत्या पासबुकातच आकडा लिहून ठेवला असेल, तर तो दुसऱ्या पासबुकात कधीच येणार नाही, कितीही वेळा ते मशिनमध्ये घाला.

म्हणून "सिंक का होत नाही" हे विचारण्याआधी "ही नोंद कुठल्या खात्याच्या कुठल्या कॅलेंडरात राहते" हे विचारायचं. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्याच प्रश्नावर सुटतात.

पहिली तपासणी ब्राउझरमध्ये

सेटिंगला हात लावण्याआधी ही चाचणी करा. फोनवर उद्या सकाळी ११ ची एक नोंद करा, नाव द्या "चाचणी फोन". कॉम्प्युटरवर तुम्ही रोज जे कॅलेंडर वापरता त्यात उद्या दुपारी १२ ची दुसरी नोंद करा, "चाचणी कॉम्प्युटर". पाच-दहा मिनिटं थांबा. मग कॉम्प्युटरवर क्रोम किंवा कुठलाही ब्राउझर उघडून तुमच्या खात्याचं कॅलेंडर थेट वेबवर बघा. गूगलचं खातं असेल तर गूगल कॅलेंडरची साइट, मायक्रोसॉफ्टचं असेल तर आउटलुकची, आयफोनवाल्यांनी आयक्लाउडची.

वेबवर जे दिसतं ते खात्यात आहे, जे दिसत नाही ते खात्यात पोचलेलंच नाही. "चाचणी फोन" वेबवर दिसत नसेल तर बिघाड फोनच्या बाजूला आहे, कॉम्प्युटरशी झटापट करून उपयोग नाही. "चाचणी कॉम्प्युटर" दिसत नसेल तर फोन निर्दोष आहे. दोन्ही नोंदी वेबवर दिसत असतील आणि एखाद्या उपकरणावर मात्र दिसत नसतील, तर नोंदी पोचल्या आहेत, फक्त त्या उपकरणाने त्या अजून आणलेल्या नाहीत किंवा लपवून ठेवल्या आहेत.

ही चाचणी करताना ब्राउझरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून कुठल्या ईमेलने लॉगिन आहे ते नक्की बघा. आपल्याकडे एक गोष्ट सर्रास घडते. नवा फोन घेतला की मोबाइलच्या दुकानातला मुलगा पटकन नवीन जीमेल खातं काढून फोन चालू करून देतो. मालकाला जुनं खातं आहे हे त्याला माहीत नसतं आणि नवं काढलंय हे मालकाला माहीत नसतं. मग फोनवरच्या सगळ्या नोंदी त्या नव्या खात्यात जातात आणि कॉम्प्युटर जुन्या खात्याकडे बघत बसतो. दोन्हीकडे "गूगल कॅलेंडर" असंच लिहिलेलं असतं, सिंकही दोन्हीकडे चालू असतं, तरी जुळत काहीच नाही. फोनमध्ये गूगल कॅलेंडर ॲपची डावीकडची यादी उघडा. तिथे प्रत्येक ईमेल आणि त्याखालची कॅलेंडरं दिसतात. अनोळखी ईमेल दिसला तर कारण सापडलं म्हणून समजा.

कॉम्प्युटरच्या बाजूचा बिघाड

इथे एका वकिलांच्या ऑफिसातली गोष्ट सविस्तर सांगतो, कारण अशीच परिस्थिती डॉक्टरांकडे, सीएंकडे, क्लासेसमध्येही असते. ऑफिसात ज्युनिअर कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये प्रत्येक केसची पुढची तारीख टाकत असे. वकीलसाहेब कोर्टात फोनवर बघत, तर कॅलेंडर रिकामं. ईमेल मात्र दोन्हीकडे व्यवस्थित येत होते, त्यामुळे "आउटलुक जीमेलला जोडलेलं आहे" असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

आउटलुकच्या कॅलेंडर पानावर डाव्या बाजूला कॅलेंडरच्या नावापुढे लिहिलं होतं, "धिस कॉम्प्युटर ओन्ली". उत्तर तिथेच होतं. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये जीमेल बहुधा आयमॅप पद्धतीने जोडलेलं असतं. आयमॅप फक्त ईमेल ने-आण करतं. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स त्यातून जातच नाहीत. पॉप पद्धतीचंही तसंच. त्यामुळे आउटलुक त्या खात्यासाठी कॉम्प्युटरवर एक स्थानिक कॅलेंडर तयार करून देतं, तारखा निमूटपणे त्यात साठत राहतात आणि त्या कॉम्प्युटरच्या बाहेर कधीच पडत नाहीत. हार्ड डिस्क गेली तर सगळ्या तारखा गेल्या. वकिलाच्या ऑफिसात एक तारीख चुकली तर पक्षकाराचं केवढं नुकसान होतं हे वेगळं सांगायला नको, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका.

साठलेल्या तारखा बाहेर काढायच्या अशा: क्लासिक आउटलुकमध्ये कॅलेंडर उघडा, फाइल मेनूतून "सेव्ह कॅलेंडर" निवडा, "मोअर ऑप्शन्स"मध्ये जाऊन पूर्ण कॅलेंडर आणि पूर्ण तपशील निवडा. आयसीएस प्रकारची एक फाइल तयार होईल. मग ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये "इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट"मधून ती आत घ्या. हे काम फोनच्या ॲपमधून होत नाही, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधूनच करावं लागतं.

इम्पोर्ट करण्याआधी गूगल कॅलेंडरमध्ये एक नवं, रिकामं कॅलेंडर तयार करा, नाव द्या "जुन्या तारखा", आणि फाइल त्यातच घ्या. मुख्य कॅलेंडरमध्ये थेट ओतू नका. इम्पोर्टमध्ये काही बिनसलं, वेळा सरकल्या, नोंदी दुप्पट झाल्या, तर ते एक कॅलेंडर पूर्ण काढून टाकता येतं आणि पुन्हा सुरुवात करता येते. मुख्य कॅलेंडरमध्ये शेकडो नोंदी मिसळल्या की त्या एकेक करून वेचत बसावं लागतं.

एक्सेलमध्ये तारखा ठेवणारे लोक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलने इम्पोर्ट करतात. तिथे दिवस आणि महिना उलटे होण्याची भीती असते. आपण ५ ऑगस्ट ही तारीख ०५/०८ अशी लिहितो, गूगलच्या नमुन्यात मात्र महिना आधी असतो, म्हणून ती ८ मे होऊ शकते. १३ तारखेपासून पुढच्या नोंदींत ही चूक लगेच पकडता येते, कारण तेरावा महिना नसतो. पण १ ते १२ तारखांच्या नोंदी मुकाट्याने चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात. इम्पोर्टनंतर अशा चार-पाच तारखा मूळ यादीशी ताडून बघा.

पुढे काय वापरायचं? त्या ऑफिसला मी आउटलुकचं कॅलेंडर बंद करून ब्राउझरमधलं गूगल कॅलेंडरच वापरायला सांगितलं आणि लहान ऑफिसला माझा हाच सल्ला असतो. मध्ये दुसरा प्रोग्रॅम नसला की बिघडायला जागाच कमी. आउटलुकच हवं असेल तर विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये गूगल खातं जोडलं की कॅलेंडरही दोन्ही बाजूंनी चालतं. मात्र जोडताना ते तुमचा डेटा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवण्याची परवानगी मागतं. पक्षकारांची किंवा रुग्णांची नावं ज्या कॅलेंडरात आहेत, तिथे ही परवानगी वाचून, विचार करून द्या. ऑफिसचं खातं गूगल वर्कस्पेसचं, म्हणजे पैसे भरून घेतलेलं असेल, तर क्लासिक आउटलुकसाठी गूगलचं स्वतःचं सिंकचं साधन मिळतं. साध्या जीमेलला ते नाही.

विंडोज १० मधलं जुनं "मेल" आणि "कॅलेंडर" वापरणारे अजून बरेच आहेत. त्या दोन्ही ॲप्सचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला. अचानक सिंक थांबलं आणि कॉम्प्युटरवर ते ॲप आहे, असं असेल तर त्याची दुरुस्ती करत बसू नका. ब्राउझरमध्ये किंवा नव्या आउटलुकमध्ये जा.

शोधताना अजून एक सापळा लागतो. "गूगल कॅलेंडर सिंक" नावाचं छोटं सॉफ्टवेअर डाउनलोड करून आउटलुक जोडा, असं सांगणारे जुने लेख आजही सापडतात. ते सॉफ्टवेअर गूगलने १ ऑगस्ट २०१४ पासून बंद केलं. आज त्याच नावाने कुठे काही मिळत असेल तर ते गूगलचं नाही, त्यात पासवर्ड टाकू नका.

अँड्रॉइड फोनच्या बाजूचा बिघाड

"चाचणी फोन" वेबवर पोचली नसेल तर सगळ्यात आधी ती नोंद फोनवर उघडा आणि ती कुठल्या कॅलेंडरात आहे ते वाचा. नोंदीच्या तपशिलात खाली रंगीत ठिपका आणि नाव असतं. तिथे तुमचा ईमेल असेल तर ठीक. "माय कॅलेंडर", "फोन", "डिव्हाइस" किंवा "लोकल" असं काही असेल तर ती नोंद फक्त त्या हँडसेटमध्ये आहे. फोन बनवणाऱ्या कंपन्या स्वतःचं कॅलेंडर ॲप देतात आणि त्यातल्या बऱ्याच ॲप्समध्ये नवी नोंद आपोआप अशाच स्थानिक कॅलेंडरात जाते. सिंकचं बटण कितीही वेळा दाबा, स्थानिक नोंद कुठेही जाणार नाही. फोन हरवला, पाण्यात पडला किंवा रीसेट केला की ती गेली.

उपाय दोन पायऱ्यांचा. नवी नोंद करताना वरती किंवा खाली कॅलेंडर निवडण्याची जागा असते, तिथे ईमेलचं कॅलेंडर निवडा. बहुतेक ॲप्स शेवटची निवड लक्षात ठेवतात, काहींत सेटिंगमध्ये "डिफॉल्ट कॅलेंडर" ठरवता येतं. त्याहून सोपं म्हणजे प्ले स्टोअरवरून गूगल कॅलेंडर ॲप घ्या आणि कंपनीच्या ॲपचं चिन्ह होम स्क्रीनवरून काढून टाका, म्हणजे बोट चुकून तिकडे जाणार नाही. जुन्या स्थानिक नोंदी थोड्या असतील तर हाताने पुन्हा लिहून काढणंच बरं. अर्ध्या तासाचं काम असतं आणि मन निर्धास्त होतं.

नोंद ईमेलच्याच कॅलेंडरात आहे, तरी वर जात नाही, अशी परिस्थिती असेल तर मग सेटिंगकडे वळा. तीन बटणं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी आहेत, त्यामुळे एक चालू दिसलं की लोक थांबतात. पहिलं, फोनच्या सेटिंगमध्ये "अकाउंट्स"खाली "ॲप डेटा आपोआप सिंक करा". दुसरं, तिथेच तुमचं गूगल खातं उघडून "अकाउंट सिंक"मध्ये कॅलेंडरसमोरचं बटण. तिसरं, गूगल कॅलेंडर ॲपच्या सेटिंगमध्ये त्या विशिष्ट कॅलेंडरच्या नावावर टिचकी मारली की येणारं "सिंक"चं बटण. दुसऱ्याने तुमच्याशी शेअर केलेलं कॅलेंडर फोनवर दिसत नसेल तर बहुधा हे तिसरं बटण बंद असतं. डावीकडच्या यादीत नावापुढची खूण वेगळी. ती फक्त दाखवायचं की लपवायचं ते ठरवते.

एवढं सगळं ठीक असून नोंदी तासन् तास उशिरा येत असतील तर बॅटरी सेव्हर आणि बॅकग्राउंड डेटा बघा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप्स झोपवतो, मग तुम्ही ॲप उघडेपर्यंत नवं काही येत नाही. ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरीखाली कॅलेंडरला निर्बंधातून मोकळं करा. फोनची तारीख-वेळ "आपोआप" वर आहे ना, तेही बघा. घड्याळ बरंच चुकीचं असलं की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. फोनची जागा भरली असेल तरीही सिंक अडतं. शुभेच्छांचे व्हिडिओ आणि फॉरवर्ड साठून भरलेल्या फोनमध्ये हे कारण अगदी नेहमीचं आहे.

"कॅलेंडर स्टोरेज"चा डेटा क्लिअर करा, हा सल्ला पुष्कळ जण पहिल्याच फटक्यात देतात. तो सगळ्यात शेवटचा उपाय आहे. त्याने फोनमधली कॅलेंडरची पूर्ण साठवण पुसली जाते आणि सर्व्हरवरून पुन्हा भरली जाते. सर्व्हरवर जे आहे ते परत येईल. स्थानिक नोंदी आणि अजून वर न गेलेल्या नोंदी परत येणार नाहीत. म्हणून आधी ब्राउझरची चाचणी, मग नोंदी वाचवणं, आणि त्यानंतरच हे.

आयफोन

आयफोनवर गूगल खातं जोडलं की ईमेल चालू होतो, पण कॅलेंडरचं बटण बंद राहिलेलं असू शकतं. सेटिंगमध्ये कॅलेंडर, त्यात अकाउंट्स, त्यात जीमेल, तिथे बघा. आयओएस १८ पासून, म्हणजे आयफोनच्या प्रणालीच्या १८व्या आवृत्तीपासून, कॅलेंडरचं सेटिंग "ॲप्स"च्या आत गेलं आहे.

तिथेच "फेच न्यू डेटा" आहे आणि आयफोनवाल्यांच्या उशिराच्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथे असतं. ते "ऑटोमॅटिकली" वर असेल तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे नवी माहिती आणतो. म्हणजे दिवसभर तुम्ही बाहेर, मोबाइल डेटावर, आणि ऑफिसात कुणी वेळ बदलली, तर कॅलेंडर उघडेपर्यंत जुनीच वेळ दिसणार. ते १५ मिनिटांवर ठेवा. "डिफॉल्ट कॅलेंडर"मध्ये आयक्लाउड आहे की जीमेल, तेही तपासा. सिरीला सांगून केलेल्या नोंदी आयक्लाउडमध्ये जाऊन बसतात आणि गूगलच्या वेबवर दिसत नाहीत, त्या याच कारणाने. जुन्या मीटिंगा गायब झाल्या असतील तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये "सिंक" किती मागच्या काळापर्यंत ठेवलंय ते बघा. तिथे ठरावीक आठवडे किंवा महिने असतील तर "ऑल इव्हेंट्स" करा.

शेअर केलेलं गूगल कॅलेंडर ॲपलच्या कॅलेंडरात येतच नसेल तर गूगलचं त्यासाठी "सिंक सिलेक्ट" नावाचं स्वतंत्र पान आहे. ब्राउझरमध्ये ते उघडून हव्या त्या कॅलेंडरांवर खूण करून सेव्ह करावं लागतं. हे फारच थोड्यांना माहीत असतं. एवढ्या कटकटीत पडायचं नसेल तर आयफोनवर गूगलचंच कॅलेंडर ॲप वापरा. त्याला यातलं काहीच लागत नाही.

लिंक देऊन जोडलेलं कॅलेंडर

आयसीएस हा कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचा जुना, सर्वमान्य साचा आहे. तो १९९८ मध्ये ठरला आणि २००९ मध्ये सुधारला गेला. त्याची फाइल इम्पोर्ट करणं आणि त्याची लिंक देऊन कॅलेंडर जोडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल इम्पोर्ट केली की त्या क्षणाची नक्कल मिळते, मूळ कॅलेंडरात पुढे काही बदललं तरी नकलेत बदलत नाही. लिंक जोडली तर बदल येत राहतात, पण फक्त एका दिशेने आणि सावकाश. बाहेरच्या लिंकचं कॅलेंडर ताजं करायला गूगलला बारा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. तातडीच्या अपॉइंटमेंटसाठी हा मार्ग निरुपयोगी आहे. शाळेच्या सुट्ट्या, सामन्यांचं वेळापत्रक यांसाठी उत्तम.

गूगल कॅलेंडरची गुप्त लिंक आउटलुकला देऊन "सिंक केलं" असं समजणाऱ्यांना आउटलुकमधून नोंद बदलता येत नाही, कारण ते कॅलेंडर फक्त वाचायला मिळालेलं असतं. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचं सगळं कॅलेंडर दिसतं, पासवर्ड लागत नाही. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली गेली असेल तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती रीसेट करा, जुनी लिंक लगेच निकामी होते.

वेळ सरकलेली, दिवस सरकलेला

वेळेतला फरक नीट मोजा, कारण तो आकडाच कारण सांगतो. बरोबर साडेपाच तास असेल तर कुणीतरी भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांची गल्लत केली आहे. अर्धा तास असेल तर कॉम्प्युटरच्या घड्याळाला शेजारच्या देशाचा टाइम झोन लागलेला असतो. विंडोजमध्ये आपली ओळ आहे ती "चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली". गूगल कॅलेंडरमध्ये टाइम झोन दोन जागी असतो, एक सर्वसाधारण सेटिंगमध्ये आणि एक प्रत्येक कॅलेंडरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. दोन्ही बघा. पूर्ण दिवसाची नोंद एक दिवस आधी दिसत असेल किंवा दोन दिवसांवर पसरली असेल, तर ती मूळ ठिकाणी "रात्री १२ ते रात्री १२" अशी वेळ घालून केलेली असते आणि टाइम झोन बदलला की ती घसरते. ती पुसून "ऑल डे" ची खूण करून नव्याने टाका.

फरक एक तासाचा असेल आणि पलीकडचं माणूस परदेशात असेल तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनमध्ये हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही. न्यू जर्सीतल्या मुलीने दर शनिवारी तिच्या सकाळी साडेनवाचा कॉल लावला असेल, तर पुण्यात आई-बाबांना तो हिवाळ्यात रात्री ८ ला दिसेल आणि उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला. नोंद ज्याच्या टाइम झोनमध्ये केली त्याची वेळ पक्की राहते, दुसऱ्याची सरकते. पुण्याची वेळ पक्की हवी असेल तर नोंद पुण्यातून करा, किंवा नोंद करताना टाइम झोन भारताचा निवडा.

सणांबद्दलही अशी तक्रार येते. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. "दर वर्षी" असं आवर्तन लावलं तर कॅलेंडर दर वर्षी ७ सप्टेंबरच दाखवणार. त्याला तिथी कळत नाही. संकष्टी, वडिलांचं श्राद्ध, तिथीने येणारा वाढदिवस हे वर्षाच्या सुरुवातीला पंचांग बघून एकेक टाकणं हाच खरा मार्ग.

एकच नोंद दोनदा

इथे एक धोका आहे. दुहेरी दिसणारी एक नोंद घाईने पुसू नका. सर्व्हरवरची एकच नोंद दोन वाटांनी येऊन दोनदा दिसत असेल, तर एक पुसली की दोन्ही जातात. दोन्ही नोंदी उघडून त्यांच्या कॅलेंडरांची नावं वाचा. एकच खातं दोनदा जोडलेलं असेल, म्हणजे एकदा थेट आणि एकदा लिंकने, तर त्यातली एक जोडणी काढा. नावं वेगवेगळी असतील तर कधीतरी इम्पोर्ट केलेली नक्कल तिथे राहिली आहे. ते कॅलेंडर आधी लपवून बघा, काही दिवस काही अडलं नाही तर काढून टाका.

चुकून पुसलंच गेलं तर ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडरच्या "ट्रॅश"मध्ये नोंदी ३० दिवस राहतात, तिथून परत आणता येतात.

पुन्हा पुन्हा का होतं

चांगलं चालणारं सिंक बिघडतं ते ठरावीक प्रसंगी: फोन बदलला, पासवर्ड बदलला, मोठं अपडेट आलं, ऑफिसात नवा माणूस आला. पासवर्ड बदलला की जुन्या प्रोग्रॅमची परवानगी संपते. तो ओरडून काही सांगत नाही, कोपऱ्यात एक छोटी खूण दाखवून जुन्या नोंदी तशाच दाखवत राहतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. नव्या फोनवर डिफॉल्ट कॅलेंडर परत स्थानिक होऊन बसतं. यातलं काहीही घडलं की त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी चाचणीची नोंद टाकून ब्राउझरमध्ये बघायची सवय लावा.

ऑफिसातल्या प्रत्येकाला साहेबांचा पासवर्ड देण्याची पद्धत बंद करा. एका खात्यात कामाचं एकच कॅलेंडर ठेवा आणि कॅलेंडरच्या सेटिंगमधून ते प्रत्येकाच्या ईमेलला शेअर करा. नोंदी बदलायच्या असतील त्याला बदलाची परवानगी, फक्त बघायचं असेल त्याला बघण्याची. माणूस सोडून गेला की त्याचं नाव काढायचं, पासवर्ड बदलायला लागत नाही आणि बाकीच्यांचं सिंक तुटत नाही. त्या वकिलांच्या ऑफिसात "कोर्टाच्या तारखा" नावाचं एकच कॅलेंडर ठेवलं, ज्युनिअर त्याच्या स्वतःच्या खात्यातून त्यात लिहितो आणि साहेबांना ते कोर्टाच्या आवारात फोनवर दिसतं.

कंपनीच्या खात्याचं कॅलेंडर खासगी फोनवर येत नसेल तर तिथे आपल्या हातात फारसं काही नसतं. बऱ्याच कंपन्या ठरवून दिलेल्या ॲपशिवाय दुसरीकडे कॅलेंडर जाऊ देत नाहीत. आयटी विभागाला विचारा आणि त्यांनी सांगितलेलंच ॲप वापरा.

हे सगळं करूनही अडलं आणि कुणाची मदत घ्यायची वेळ आली, तर "सिंक होत नाही" एवढंच सांगू नका. फोन कुठला, कॉम्प्युटरवर कॅलेंडर कुठल्या प्रोग्रॅममध्ये बघता, कुठल्या ईमेलने लॉगिन आहे, चाचणीची नोंद ब्राउझरमध्ये दिसली की नाही, आणि नोंदीच्या तपशिलात कॅलेंडरचं नाव काय आहे, या पाच गोष्टी कागदावर लिहून न्या. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका आणि फोनवरून कुणाला सांगू नका. लागलाच तर समोर बसून स्वतः टाका.